बुलस्ट्रोडची किल्ली

इंग्रजी साहित्यातल्या गुन्हेगारांची प्रकृती भारी नाजूक. खून केला की यांची झोप उडालीच म्हणून समजा. लेडी मॅकबेथचंच पाहा. खुनाच्या रात्री नवऱ्याला धीर देणारी ही बाई पाचव्या अंकात झोपेत चालते, हातावर नसलेलं रक्त चोळत बसते. डॉक्टर टिपणं घेतो आणि हे काम औषधाचं नाही, धर्मगुरूचं आहे, असं सांगून मोकळा होतो. (फी घेतली की नाही, ते शेक्सपिअरनं लिहिलेलं नाही.) मला मात्र तिची दासी आवडते. बाईसाहेब झोपेत काय बोलल्या ते ती डॉक्टरला सांगत नाही. का? तर साक्षीदार नाही! अशी बाई आमच्या कॅश खात्यात हवी होती.

या हिशेबानं अपराध म्हणजे एक तापच. गुन्हा केला की चढतो. वाचकालाही बरं वाटतं. आपल्याला रात्री गाढ झोप लागते, त्याअर्थी आपण सज्जन!

हा समज मोडला जॉर्ज इलियटनं. ही बाई बरं का, खरं नाव मेरी ॲन इव्हान्स. तिच्या 'मिडलमार्च' (१८७१-७२) या कादंबरीतला निकोलस बुलस्ट्रोड चक्क बँकर आहे. देवभक्त, दानशूर, गावात तापाच्या रोग्यांसाठी इस्पितळ उभारणारा. पण पूर्वी लंडनला तो चोरीचा माल पचवणाऱ्या गहाणवटीच्या पेढीवर होता. पुढे मालकाच्या विधवेशी लग्न केलं आणि तिच्या हरवलेल्या मुलीचा ठावठिकाणा दडवून सगळी इस्टेट घशात घातली. हा पैसा देवाच्या कार्यासाठीच मिळाला, अशी मनातल्या खातेवहीत नोंद केली. जमाखर्च जुळला!

हे सारं ठाऊक असलेला रॅफल्स नावाचा दारुडा त्याला पिळू लागतो आणि एक दिवस त्याच्याच घरी आजारी पडतो. डॉक्टर लिडगेट बजावतो : दारूचा थेंब द्यायचा नाही, अफू थोडी द्यायची आणि अमुक मर्यादेला थांबवायची. बुलस्ट्रोड स्वतः शुश्रूषा करतो. शेवटच्या रात्री मात्र रोग्याला घरकाम पाहणाऱ्या बाईवर सोपवतो. अफू किती द्यायची ते सांगतो, कधी थांबवायची ते सांगायचं राहतं. सांगायला म्हणून जिना चढतो, थबकतो आणि आपल्या खोलीत जातो. मग ती बाईच दार ठोठावते : रोगी खचत चाललाय, थोडी ब्रँडी देऊ का? तो काही वेळ गप्प राहतो. मग दारूच्या कपाटाची किल्ली देतो.

सकाळी सहाच्या सुमारास उठून तो प्रार्थनेला बसतो. त्याच सकाळी रॅफल्स मरतो.

आता यात खून शोधा! त्या काळी पुष्कळ डॉक्टर अशा रोग्याला अफू आणि दारू सढळ हातानं देतच असत. खोटी नोंद कुठेच नाही, फक्त एक नोंद करायची राहिली. लिडगेटला शंका येते, पण तो विचारत नाही. नुकतेच त्यानं याच बँकरकडून १,००० पौंड उसने घेतलेले. कर्जदाराचा आवाज किती खाली येतो, ते काउंटरच्या आत बसणाऱ्याला विचारा.

शेक्सपिअरच्या नाटकात गुन्ह्यातून आजार येतो, इलियटबाईंकडे आजारातूनच गुन्हा उगवतो. म्हणूनच बँकांच्या तिजोऱ्यांना दोन किल्ल्या असतात, दोघांकडे. एकट्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर आमच्या धंद्याचा विश्वास नाही. बुलस्ट्रोडकडे किल्ली एकच होती.

पुढे बोभाटा होतो. कॉलऱ्याच्या बंदोबस्तासाठी भरलेल्या गावसभेत त्याची अब्रू जाते. पण खरी गोष्ट घरी घडते. त्याची बायको हॅरिएट सगळं कळल्यावर खोलीचं दार लावून घेते, अंगावरचे दागिने उतरवते, साधा काळा पोशाख चढवते आणि नवऱ्यापाशी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवते. दोघं रडतात. ती विचारत नाही, तो सांगत नाही. कबुली दिली की उतार पडतो म्हणतात, तर ते औषध इथे घरात असूनही कुणी बाटली उघडत नाही. तरीही ती त्याच्याजवळ बसते. अख्ख्या कादंबरीत याहून मोठी शुश्रूषा नाही.

लेडी मॅकबेथची मला कधी भीती वाटली नाही. माझ्या हातून राजाचा खून होण्याचा संभव कमी. पण सांगायची गोष्ट न सांगता जिन्यावर थबकून मुकाट्यानं आपल्या खोलीत जाणं? ते कुणालाही जमेल. आणि वर झोपही लागेल, हीच तर भीती आहे.