गुहेतल्या हवेचा हिशेब

२०१८ साली थायलंडमधील थाम लुआंग गुहेतले पाणी उपसताना किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला. किर्लोस्करवाडी आम्हा कोल्हापूरकरांच्या शेजारचीच. त्यामुळे इकडे पंपांचे कौतुक झाले. समान कुनान हा पाणबुड्या मात्र आत हवेचे सिलिंडर पोचवून परतताना दगावला.

विहिरीत पोहायला शिकणाऱ्याच्या डोक्यावर आभाळ असते, गुहेत दगड असतो. शेक एक्स्ले यांची 'बेसिक केव्ह डायव्हिंग' (१९७९) ही पुस्तिका याच भेदावर उभी आहे. आधी खरा अपघात, मग त्यातून नियम, ही तिची मांडणी शिक्षकांनी जरूर उचलावी. गुहेच्या तोंडापर्यंत अखंड दोरी हवी. एक तृतीयांश हवा संपताच मागे फिरावे.

पण हा तृतीयांशाचा नियम नुसता पाठ करण्यात धोका आहे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस २० मीटर खोलीवर, तिप्पट दाबामुळे, ६० लिटर वापरतो. म्हणजे ८०० लिटरमध्ये १३ मिनिटे आत जाता येते. नेमकी तेथे सोबत्याची हवा संपली, तर उरलेले १६०० लिटर दोघांना जेमतेम तेवढीच मिनिटे पुरतात. आणि घाबरून श्वास दुप्पट झाला की सात मिनिटेही नाहीत! मुलांना हे गणित वर्गात जरूर घालावे. प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात बाहेरचा उजेड दिसेल तेवढेच आत का जाऊ देतात, ते त्यांना विचारावे.