टी-३ : एका तापमापनाचे मूल्य

१९६९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीकॉक, रॉबिन्सन प्रभृतींच्या टोकामॅक टी-३ विषयक निबंधाचे मूल्य केवळ त्यातील आकड्यांत नाही. १९५८ मध्ये ‘झीटा’च्या न्यूट्रॉनांवरून केलेला औष्णिक संमीलनाचा दावा त्याच वर्षी मागे घ्यावा लागला होता, म्हणून १९६८ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी सांगितलेल्या सुमारे १ कोटी अंश तापमानाविषयी शंका येणे स्वाभाविकच होते. मोजक्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांनी मापन फसविले नसेल कशावरून? आर्ट्सिमोविच यांनी ब्रिटिश संशोधकांसच मॉस्कोस पाचारण केले. प्रकीर्ण लेसर-प्रकाशाच्या वर्णपटावरून इलेक्ट्रॉनांचे तापमान थेट ठरले व शंका फिटली. तथापि संमीलन पावतात ते आयन. त्यांच्या तापमानाचा निर्वाळा हे मापन देत नाही. ही मर्यादा मान्य करूनही, आपला निष्कर्ष प्रतिपक्षाच्या उपकरणावर पारखून घेण्याचे धैर्य हाच या प्रयोगाचा चिरस्थायी लाभ होय.