सायकलवरील प्रवासवर्णने

काशीचा राजा घाट अमृतराव पेशव्यांनी दगडी पायऱ्यांनी बांधून काढला. कितीही दुरून आलेल्या सायकलस्वाराला येथे सायकल वर ठेवून पायीच उतरावे लागते. सायकलवरील प्रवासवर्णने वाचताना या पायऱ्यांची मला वारंवार आठवण होते.

या साहसाची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासास निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैलांची मजल मारून १९२८ साली परतले. त्यांच्या धैर्याविषयी कोणालाही आदरच वाटेल. परंतु मैलांच्या आकड्यालाच अनुभव समजण्याचा मोह या लेखनप्रकारात मोठा असतो. माझ्या वाचनात आलेल्या अशा मराठी लेखांत चढ, पंक्चर आणि दिवसाअखेरचा हिशेब यांची नोंद चोख असते. कच्च्या रस्त्यावरचे गाव मात्र ‘ग्रामस्थ फार प्रेमळ होते’ एवढ्यात आटोपते. आम्हा महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांनाही हाच न्याय! एका मराठी घरी पुरणपोळी मिळाली, असे एक वाक्य आमच्या वाट्याला येते. त्या घरातील मुले मराठी वाचतात काय, हे विचारण्यापूर्वीच पाहुणा पुढच्या मुक्कामाला निघालेला असतो.

याउलट विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ पाहावा. १८५७ साली द्रव्यार्जनासाठी वरसईहून निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. त्याला जागोजागी थांबणे भाग पडले, म्हणूनच त्याला माणसे दिसली.

पायी चालणाऱ्यालाच दृष्टी असते, असे मात्र नव्हे. १९८५ साली बाबा आमटे यांच्या भारत जोडो यात्रेतील तरुण कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले, ते लोकांना भेटण्यासाठीच. तेव्हा दोष असलाच तर तो घाईचा आहे. गाडीवाटेच्या चाकोरीतून सायकल ढकलत नेताना वाटसरूशी बोलणे सहज घडते. महामार्गावर ते मुद्दाम घडवावे लागते. आपल्या सायकलस्वार लेखकांनी एखाद्या दिवसाचे चार मैल कमी पडू द्यावेत आणि पायऱ्या उतरून खाली यावे. तेथे माणसे आहेत, आणि त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे.