शहर आणि आपली कविता : थोडा हिशेब

दोस्तांनो, आपल्या पोरांच्या कवितेत मुंबई दोनच रूपांत भेटते. एक तर ती माय असते, नाहीतर वेश्या. माय असली की पोटाशी धरते, वेश्या असली की रक्त पिते. मधलं काही नाही. दहा कविता वाचा, कवींची नावं झाका, कुठली कुणाची ते सांगता येणार नाही. मग हा विद्रोह कसला? हा तर साचा झाला.

हा साचा आपला नाही, उसना आहे. मर्ढेकरांपासून पांढरपेशा कवितेने महानगर म्हणजे यंत्र, गर्दी आणि एकटेपणा असं ठरवून टाकलं. समीक्षकांनी त्याला 'महानगरीय संवेदना' असं भारदस्त नाव दिलं. गर्दीत मला कुणी ओळखत नाही, हे त्यांचं दुःख. असेल बुवा. पण महारकी टाकून, बोचकं घेऊन व्हीटीला उतरलेल्या आपल्या आज्याला विचारा. कुणी ओळखत नाही हेच तर त्याचं पहिलं सुख होतं! गावात सावलीलासुद्धा जात होती. जोहार घालून कमरेत बाक आलेला. इथे लोकलच्या डब्यात खांद्याला खांदा लागला आणि कुणी अंघोळीला पळालं नाही. महिन्याला रोख पगार, भाकरीसाठी कुणाच्या दारात हाळी नाही. ज्याला ते एकटेपण म्हणतात, ती आपली पहिली कमाई होती. हा फरक ज्या समीक्षेला दिसत नाही, तिने आपल्या कवितेला मार्क देऊ नयेत.

पण शहराने दिलं ते अर्ध्या हाताने, हेही तितकंच खरं. गिरणीत पाळी करणारा माणूस म्हणून सांगतो. साचेखात्यात पगार जास्त. पण कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून सवर्ण कामगारांनीच आपल्या माणसाला तिथे उभं राहू दिलं नाही. तो राहिला रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. कामगाराला जात नसते म्हणणाऱ्या किती कामगार-कवितांत हा धोटा आलाय? शोधून दाखवा.

आपल्यातले जे मोठे झाले, त्यांनी दोन्ही बाजू लिहिल्या. बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मध्ये रेल्वेची नोकरी आहे, परकं गाव आहे, आणि खोली शोधताना जातही आहे. म्हणजे ओळख पुसणारं शहर ओळख विचारतंसुद्धा. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये कावाखाना आहे, गोदीत राबणारा बाप आहे, कागद-चिंध्या वेचणाऱ्या बाया आहेत. त्यांनी मुंबईला ओवाळलं नाही की नुसतं शिव्याही घातल्या नाहीत. कोण काय करून जगतं ते मांडलं. ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) आला तेव्हा प्रस्थापितांनी नाक धरून शब्द मोजले. त्या गल्ल्यांत वाढलेला माणूस आतून बोलतोय, हे कमी जणांनी ऐकलं. त्यानंतर आपल्यातल्यांनीच काय केलं? गटार घेतलं आणि गटाराकाठचा माणूस सोडला. शिवी घेतली, शिवीमागचा पोटमारा सोडला.

आणि बाईच्या नावाने शहराला शिवी देणाऱ्यांनी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) वाचावं. रत्नागिरीकडून मुंबईत आलेली बाई. नोकरी, पोरं, स्वयंपाक, त्यातून एम.ए., त्यातून चळवळ. शहर तिला शिकू देतं, आणि घरातला आपलाच पुरुष तिच्या वेळेचा हिशेब मागतो. कुठल्या कवीच्या 'माय मुंबई'त ही बाई बसते?

आता तर हिशेब आणखी बदललाय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे आहेत. ज्यांच्या बापाने तिथे कापूस गिळला त्यांची पोरं विरार-बदलापूरहून लोकलला लटकत येतात, आणि त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी राहतात. भाड्याची खोली बघायला गेलं की दलाल आधी आडनाव विचारतो. मग नुसतं 'मुंबई रक्त पिते' म्हणून काय होणार? कुणाचं पिते, किती वाजता, कुठल्या गेटवर, ते लिहा.

शहर सोडून गावाकडे चला, असं गाणं आपल्याला परवडत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत गावगाड्याची पूजा उडवून लावली, ती उगाच नाही. आपण इथे पाहुणे नाही, आश्रितही नाही. रस्ते, गोदी, गिरण्या, गटारं आपल्या हातांनी झाली. म्हणून शहराशी भांडायचं ते घरातल्या माणसाने वाटणी मागावी तसं. ज्या कवितेत ही वाटणी मागितलेली नाही, ती कितीही जळजळीत असो, तिला मी आपली कविता म्हणणार नाही.

जय भीम.