'जोर' आणि 'बल': नववीच्या 'गतीचे नियम' या धड्याचे वाचन

एक चेंडू सरळ वर फेकला आहे. हातातून सुटला आहे, वर चालला आहे, सर्वोच्च बिंदूला अजून पोचलेला नाही. हवेचा विरोध सोडून द्या. या क्षणी चेंडूवर कोणकोणती बले कार्य करीत आहेत? पुढे वाचण्यापूर्वी वहीत बाण काढा.

मारतहळ्ळीत पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवताना हा प्रश्न मी दरवर्षी विचारतो. बरीच मुले दोन बाण काढतात: खाली गुरुत्वाकर्षणाचा आणि वर 'हाताच्या जोराचा'. यात बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलेही असतात. प्रत्यक्षात वरचा बाण नाहीच. चेंडू हातातून सुटला तिथेच हाताचे बल संपले. ही समजूत जगभर आढळते. अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी प्रसिद्ध केली, ती अशाच समजुती उघड्या पाडण्यासाठी.

मराठीत मात्र या समजुतीला भाषेचाही आधार मिळतो. 'चेंडूत जोर होता, मग जोर ओसरला' असे आपण सहज म्हणतो. म्हणजे जोर वस्तूत भरलेला असतो आणि हळूहळू संपतो. भौतिकशास्त्रातले बल वस्तूत साठत नाही. एक वस्तू दुसरीवर जी क्रिया करते ते बल. वस्तूपाशी असतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. तेव्हा बोलीतला 'जोर' बलापेक्षा संवेगाच्या जवळचा आहे. एवढे शाळेत सांगितले, तर चेंडूचा जोर ओसरणे म्हणजे गुरुत्वीय बलाने त्याचा संवेग कमी करणे, हे मूल आपल्याच शब्दांत समजून घेऊ शकते.

आता महाराष्ट्राचे नववीचे 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' (बालभारती, २०१७) उघडा. पहिलाच धडा 'गतीचे नियम'. सुरुवात चांगली आहे. रोजच्या उदाहरणांत गती कुठे जाणवते, असे विचारले आहे. मग मात्र घाई सुरू होते. अंतर व विस्थापन, चाल व वेग, त्वरण, आलेख, आलेखावरून तीन समीकरणे, वर्तुळाकार गती, संतुलित व असंतुलित बल, न्यूटनचे तिन्ही नियम आणि संवेग अक्षय्यता, सगळे एकाच धड्यात. गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथापासून न्यूटनच्या १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'पर्यंत ४९ वर्षे गेली. नववीच्या वर्गाला मोजक्या तासिका मिळतात. अमर, अकबर आणि अँथनी यांच्या गाड्यांचे कोष्टक गमतीचे आहे, पण आकडे तयार मिळतात. मोजणाऱ्याचा हात कुठे चुकू शकतो, हे मुलाला कळायला वाव नाही.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मुलाच्या मनात आधीपासून असलेल्या 'जोरा'ला हा धडा समोरासमोर भेटतच नाही. व्याख्या कोऱ्या पाटीवर लिहाव्यात तशा येतात. तिसऱ्या नियमातला 'प्रतिक्रिया' हा शब्द घ्या. वर्तमानपत्रात पुढाऱ्याची प्रतिक्रिया घटनेनंतर येते. साहजिकच मुलाला वाटते की आधी क्रिया, मग प्रतिक्रिया. नियमातली दोन्ही बले एकाच क्षणी असतात, आणि दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. हा शब्द बदला असे मी म्हणत नाही, पण तो फसवा आहे हे धड्याने सांगायला हवे.

सेमी-इंग्रजीत गुंतागुंत वाढते. पुस्तकात 'फोर्स', फळ्यावर 'बल', डोक्यात 'जोर'. अशी मुले पुढे आमच्याकडे आली की आपले इंग्रजी कच्चे म्हणून आपण मागे पडतो, असे धरून चालतात आणि वर्गात बोलायचे थांबतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर आधी तुमचे बाण तपासा, इंग्रजी नंतर. भाषेचा हा अडथळा कुणाला दिसलाच नव्हता असेही नाही. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातील शाळांत काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली तर विज्ञान किती सुटते, हा त्या केंद्राच्या कामातला महत्त्वाचा प्रश्न होता.

शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण अनेक शाळांत रसायन, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकच शिक्षक शिकवतो, आणि दहावीला ४०-४० गुणांच्या दोन लेखी परीक्षांपुढे प्रात्यक्षिकाला उरतात २० गुण. परीक्षा बदलली की वर्ग बदलतो. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ माध्यमिक-पूर्व शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद कार्यक्रमात मुले पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देत आणि प्रयोगही करून दाखवत. सरकारने तो २००२ मध्ये बंद केला.

तुमच्यापैकी काही जण उद्या शिकवणीत किंवा शाळेत हाच धडा शिकवतील. त्याआधी एक काम करा. बसमध्ये बसा, आमच्याकडे आउटर रिंग रोड आहे, तुमच्याकडे कुठलाही रस्ता चालेल. दर १० सेकंदांनी मोबाइलवरची चाल लिहून घ्या आणि घरी चाल-काल आलेख काढा. तो पुस्तकातल्यासारखा सरळ येणार नाही. चालकाने ब्रेक दाबला आणि तुम्ही पुढे झुकलात, त्या जागा आलेखावर खुणेने दाखवा. मग प्रत्येक खुणेपाशी लिहा, तुम्हाला पुढे कोणी ढकलले?