तीन मिनिटांत दुरुस्त होणारं मिग

मिग-२१ बिस या विमानात इंधनाचा काटा इंधन मोजत नाही. टाकीत किती आहे हे त्याला ठाऊकच नसतं. उड्डाणाआधी कोणीतरी नॉब फिरवून त्याला सांगायचं की आज इतके लिटर भरलेत. त्यानंतर इंजिनाकडे जेवढं गेलं तेवढं तो वजा करत राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो सेन्सर नाही, काउंटर आहे. सुरुवातीचा आकडा चुकला की शेवटपर्यंत प्रामाणिकपणे चुकीचंच दाखवणार.

हे मला डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरने शिकवलं. बाहेरची जादा टाकी लावली आहे असं समजून मी काटा लावला, टाकी लावलीच नव्हती. काटा म्हणत होता भरपूर आहे, आणि इंजिन बंद पडलं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: डीसीएस फोनवर चालत नाही, त्याला बऱ्यापैकी दणकट पीसी आणि जॉयस्टिक लागते. मूळ सिम्युलेटर फुकट, पण बहुतेक विमानं एकेक करून विकत घ्यावी लागतात. मिग-२१ बिस त्यात २०१४ मध्ये आलं. कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण चालतं आणि विमान सुरू करायचं तर ती बटणं ठरलेल्या क्रमानेच दाबावी लागतात. पहिल्या आठवड्यात मी धावपट्टीपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो.

या वास्तवतेची मी टिंगल करणार नाही. रडार चालू केलं की लगेच दिसत नाही, आधी तापू द्यावं लागतं. शत्रू खाली, जमिनीलगत असेल तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो. आपल्यावर कोणाचं रडार रोखलंय हे सांगणारं यंत्र चार दिवे लावतं, म्हणजे 'मागून, डावीकडून' इतकंच कळतं. कोण आहे, किती लांब आहे, ते तुम्ही ठरवा. त्रिकोणी पंखाचं हे विमान जोरात वळवलं की वेग धपकन उतरतो, आणि उतरताना चाकं टेकतात तेव्हाही वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो. हिंदी सिनेमांनी इतक्या वर्षांत या विमानाबद्दल जे सांगितलं नाही ते इथे एका संध्याकाळी कळतं.

तर मी खूश होतो. मग समोरच्या बिल्डिंगमधले काका आले.

मी देवळाली कॅम्पात राहतो. तोफखान्याच्या रेंजवर फायरिंग असलं की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, त्यामुळे लष्करी गोष्टींचं इथे कोणाला फारसं कौतुक नसतं. विमानांचं काम मात्र नाशिकच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई-आग्रा रस्त्यावर ओझरला चालतं. साठच्या दशकात एचएएलचा कारखाना तिथे उभा राहिला तो मिग-२१ साठीच. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी ती वाटणी होती. नंतर तिथेच मिग-२७ आणि सुखोई-३० झाली. काका तिथून निवृत्त झालेले. बरीच वर्षं ओव्हरहॉलमध्ये होते.

मी अभिमानाने त्यांना पूर्ण स्टार्ट-अप करून दाखवला. बॅटरी, इन्व्हर्टर, पंप, सगळं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "नंबर काय ह्याचा?"

"कोणताही टाकता येतो, काका. मेनूमध्ये आहे."

"कोणताही कसा? विमान कोणतं आहे हे?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, बिस. ते म्हणाले, "ते कळलं रे. बिसमधलं कोणतं?" त्यांच्या लेखी मिग-२१ बिस नावाचं विमान नसतंच. अमुक नंबरचं विमान असतं, त्याला लॉगबुक असतं, त्याची एक जुनी तक्रार असते जी प्रत्येक ओव्हरहॉलला नव्याने निघते. एकाच साच्यातून निघालेली दोन विमानं सारखी वागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नंतर त्यांनी इंधनाचा काटा पाहिला आणि विचारलं, "हा कोण लावतो?" म्हटलं, मीच. त्यावर ते फक्त "हं" म्हणाले.

त्या "हं"वर मी बरेच दिवस अडकून होतो.

डीसीएसमध्ये गोळ्या लागलेलं विमान तळावर आणून इंजिन बंद करायचं आणि दुरुस्ती मागायची. साधारण तीन मिनिटांत पंख, इंजिन, रडार सगळं कोरं करकरीत. ग्राउंड क्रू म्हणजे मेनूमधून दिलेल्या आज्ञेला उत्तर देणारा एक आवाज. बिघाडाची सोय आहे, नाही असं नाही: मिशन बनवणारा ठरवू शकतो की हायड्रॉलिक्स अमुक टक्के शक्यतेने बंद पडेल. पण तो फासा आहे. त्यामागे कोणती थकलेली नळी नाही, उशिरा आलेला सुटा भाग नाही, दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेली शंका नाही. विमान दर वेळी आजच कारखान्यातून निघालेलं असतं.

आणि म्हणून या सिम्युलेटरमध्ये विमान पडलं की चूक वैमानिकाचीच असते. तसं कोणी ठरवून केलेलं नाही, पण रचनाच तशी आहे. दुसरं कोणी तिथे नाहीच, तर दोष जाणार कुठे?

हे गेमपुरतं राहिलं असतं तर मी लिहीत बसलो नसतो. पण खऱ्या अपघाताची बातमी आली की आमच्यातलेच लोक तो प्रसंग सिम्युलेटरवर 'उडवून' बघतात आणि रात्रीपर्यंत निकाल देतात. मीही एकदा दिला होता. ज्या विमानाचं प्रत्येक बटण आपण दाबलंय त्याबद्दल आपल्याला कळतं असं वाटणं फार सोपं आहे.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगढहून रात्रीच्या उड्डाणाला निघाले आणि काही सेकंदांत त्यांचं मिग-२१ कोसळलं. चौकशीने ठपका वैमानिकावर ठेवला. त्यांची आई, कविता गाडगीळ, यांनी तो मान्य केला नाही आणि त्या वर्षानुवर्षं जाहीरपणे लढल्या. त्या वेळी आपल्या तरुण वैमानिकांना प्रगत जेट प्रशिक्षण विमानच नव्हतं. किरणवर शिकायचं आणि थेट मिगच्या वेगाला भिडायचं. असं विमान हवं ही शिफारस १९८२ च्या ला फॉन्टेन समितीने केली होती, हॉक विमानं सेवेत आली २००८ मध्ये. मधल्या २६ वर्षांना कोणत्याही कॉकपिटमध्ये स्विच नाही.

त्या रात्री नेमकं काय झालं यावर मी बोलणार नाही. माझ्या टेबलावरून ते बोलता येत नाही. अंधारात, क्षितिज दिसत नसताना विमान जोरात वेग घेतं तेव्हा कानाच्या आतला तोल मेंदूला सांगतो की नाक वर चाललंय. प्रत्यक्षात ते चाललेलं नसतं. शरीर खाली दाबायला सांगतं, काटे वेगळंच सांगतात, आणि हातात काही सेकंद. मी सुरतगढसारखं अंधारं उड्डाण डीसीएसमध्ये करून पाहिलं. काहीही झालं नाही. माझी खुर्ची हलत नाही, त्यामुळे काट्यांवर विश्वास ठेवणं मला अगदी सोपं गेलं.

खुर्चीचं एक वेळ सोडून देऊ, ती हार्डवेअरची मर्यादा आहे. विमानाला भूतकाळ नसणं ही मात्र मर्यादा नाही, ती निवड आहे. १९९८ च्या फाल्कन ४.० ची चित्रं आज बघवत नाहीत, पण त्यातलं युद्ध तुमच्याशिवाय चालू राहतं आणि स्क्वाड्रनची विमानं संपत जातात. पाडलंत एक एफ-१६, तर उद्या एक कमी. आणि २०२४ मध्ये हीटब्लर या कंपनीने डीसीएससाठीच बनवलेल्या एफ-४ई फँटममध्ये सुटे भाग झिजतात; दोन फँटम तंतोतंत सारखी नसतात. म्हणजे काकांचा प्रश्न कोडमध्ये लिहिता येतो. तो अमेरिकी विमानासाठी लिहिला गेला, एवढंच. ओझरच्या सुखोईचं तर अधिकृत मॉड्यूलच नाही. सेवेत असलेल्या विमानाची कागदपत्रं कोण देणार? हौशी मंडळींचे मोड आहेत, दिसायला छान.

मिग-२१ हवाई दलातून २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. त्या रात्री डीसीएसमध्ये बरेच जण ते घेऊन उडत होते, मीही होतो. शेवटी निवृत्त झाली ती बायसन, म्हणजे नवं रडार आणि नवी क्षेपणास्त्रं बसवलेली सुधारित विमानं. डीसीएसमधलं बिस त्याआधीचं. पण त्या दिवशी तसला काटेकोरपणा कोणाला नको होता.

काकांना मी फँटमबद्दल सांगितलं, भाग झिजतात वगैरे. त्यांनी विचारलं, "मग बदलतं कोण?"