श्रीमंत पण मंद प्रतिस्पर्धी

सिड मायर यांच्या नावाने १९९१ पासून चालत आलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळमालेतील सहाव्या खेळात (२०१६) काठिण्याच्या आठ पायऱ्या आहेत. चौथी, ‘प्रिन्स’, ही समतोलाची. तिच्यावरून वर चढावे तसतसा संगणक अधिक चतुर होत असेल, असा कोणाचाही समज व्हावा. प्रत्यक्षात वाढते ते त्याचे भांडवल. ‘डीइटी’ या सर्वोच्च पायरीवर आपण वसाहत करणाऱ्या एकाच पथकानिशी प्रारंभ करतो. प्रतिस्पर्ध्यास अशी तीन मिळतात. शिवाय लढाईत त्याच्या प्रत्येक पथकाच्या बळात ४ गुणांची भर पडते.

सवलत देणे हा काही अधर्म नव्हे. बुद्धिबळातही बलवान खेळाडू आपले एखादे मोहरे आधीच उतरवून दुबळ्यास बरोबरीस आणतो. येथेही सवलत दुबळ्यालाच, म्हणजे संगणकाला, मिळते. मात्र तिला नाव दिले जाते देवत्वाचे! आमचा आक्षेप आहे तो येथे.

१९९७ साली ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला हरविले ते सारख्याच सोळा मोहऱ्यांनिशी, त्या पराभवातही शिकण्याजोगे पुष्कळ होते. या खेळातील नगररचना मनोहर आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु वरच्या पायऱ्यांवर आपण राज्यनीती शिकत नाही. तटबंदीपुढे शत्रूची फौज निष्कारण खर्ची पडू देण्यास आणि व्यापारात त्याच्याकडून जादा सुवर्ण उकळण्यास तेवढे शिकतो. डाव जिंकला तरी जिंकलेल्याविषयी आदर वाटत नाही. आणि तोलामोलाच्या शत्रूवाचून विजयाला गोडी ती कसली?